बाटलीच्या बुडातला खड्डा

नत्थूजींना आजवर कोणी माईच्या लालानं फसवलं नव्हतं. हे आम्ही म्हणत नाही, नत्थूजीच म्हणत. आणि रोज म्हणत, म्हणजे खरं असणारच!

"वस्तू समोर ठेवा, भाव सांगतो!" वर्ध्याजवळच्या आंजी गावात पारावर बसून ते ललकारत. मग ती वस्तू बैल असो, बंडीचं चाक असो की कोणाचा होणारा जावई. बैलाचं तोंड उघडून दात पाहावेत, शेपटी पिळावी, पाठीवर थाप मारावी, आणि मग खांद्यावरचा दुपट्टा उजव्या हातावर टाकावा. नत्थूजींचा दुपट्टा हातावर पडला की बाजारातले दलाल घाम पुसायला लागत!

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. ढोरांच्या सौद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. तोंडानं बोललं तर चार रिकामटेकडे भाव चढवतात. म्हणून दुपट्ट्याखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबायची. पाच बोटं धरली म्हणजे पाच, दोन धरली म्हणजे दोन. शेकडे की दहा, ते ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. आणि हे चाललेलं असताना चेहरा असा ठेवायचा, जणू आपण आभाळातल्या घारी पाहून राहिलो. नत्थूजी तर डोळेच मिटून घेत. डोळ्यात भाव दिसतो म्हणे!

असे हे नत्थूजी तीन महिन्यांपासून एका सौद्यात अडकून पडले होते. सौदा होता त्यांच्या एकुलत्या एक पोरीच्या लग्नाचा.

पोरगी गुलाब. मॅट्रिक झालेली, बापासारखीच हट्टी. तिनं आलेल्या दोन पोरांना नाक मुरडलं आणि तिसऱ्याला पाहून मान खाली घातली. तो तिसरा म्हणजे केळझरच्या महादेवरावांचा दिवाकर. पोरगा नाकीडोळी नीटस, नोकरीवाला, प्यायला क्वार्टर, नव्हे, राहायला क्वार्टर! सगळं जमलं होतं. हुंड्याचा प्रश्नच नव्हता.

"हुंडा? राम राम राम!" महादेवरावांनी पहिल्याच बैठकीत कानाला हात लावले होते. "आमी हुंडा घेत नाई जी. फक्त आमची मानसं उपाशी जाऊ नये, एवढंच."

"किती मानसं?" नत्थूजींनी विचारलं.

"जास्त नाई. पाचशे."

हुंडा न घेणारा माणूस असा महाग पडतो! नत्थूजी म्हणाले, दोनशे. महादेवराव म्हणाले, पाचशे. नत्थूजी म्हणाले, लग्नाले येता का गाव लुटाले? महादेवराव म्हणाले, पोरगी खपवता का कंजुषी? तिथं जे गाडं रुतलं ते रुतलं. इकडं गुलाब जेवेना आणि तिकडं दिवाकर पत्र टाकीना.

शेवटी मध्यस्थ बंडोपंतांनी तोड काढली. हे बंडोपंत वर्ध्याच्या एका कचेरीत कारकून. "नत्थूजी, तुम्ही महादेवरावांना घेऊन पोराचं काम, क्वार्टर सगळं पाहून या. प्रवासात माणूस नरम पडतो. मीही येतो."

"काम काय करते तो पोरगा?" नत्थूजींनी पहिल्यांदाच विचारलं. भाव ठरवण्याच्या नादात माल काय आहे ते विचारायचं राहिलंच होतं!

बंडोपंत खाकरले. "नाशिकच्या पुढं द्राक्षाच्या रसाचा कारखाना आहे."

"रसाचा?"

"रसच तो. फक्त… थोडे दिवस ठेवलेला."

नत्थूजी समजले. समजून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. कारण आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. दारूबंदी म्हणजे दारू नाही असं नव्हे. दारू आहे, पण तिची कोणी विचारपूस करत नाही. आणि गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष कोण? नत्थूजी! चिटणीस कोण? बंडोपंत! रविवारी आंजीला येऊन सभेचा वृत्तांत तेच लिहीत.

निघताना आनंदाबाईंनी भाकरीचं गाठोडं हातात दिलं आणि नवऱ्याला दम भरला. "अजी, एक आयकून घ्या. लग्न जमवूनच येजा. पोरगी सुकून राह्यली. तुमची ती भावबाजी तिथं दाखवाल आन् सोयरीक मोडून याल, तर हा उंबरा वलांडू नोका. तिकडंच राहाजा, रस पीत!"

"मी आन् रस?" नत्थूजी छाती पुढं काढून म्हणाले. "अध्यक्ष हावो मी!"

"म्हनूनच म्हनून राह्यली," आनंदाबाई म्हणाल्या.

*

प्रवासात माणूस नरम पडतो हे बंडोपंतांचं मत भुसावळपर्यंतच टिकलं. पुढं दोन्ही व्याही एकमेकांकडे पाठ करून बसले. एक म्हणे दोनशे, दुसरा म्हणे पाचशे. डब्यातल्या लोकांना वाटलं, म्हशीचा सौदा चाललाय!

कारखाना मात्र झकास होता. डोंगराच्या पायथ्याशी पांढरी इमारत, पुढं फुलझाडं. दिवाकर फाटकावरच हजर. त्यानं तिघांच्या पाया पडून घेतलं आणि हळूच म्हणाला, "मामाजी, साहेबांना मी तुमच्याबद्दल सांगून ठेवलं आहे. अख्खा वर्धा बाजार तुमच्या शब्दावर चालतो म्हटलं." पोराला वाटलं, सासऱ्याची कॉलर ताठ होईल. झालीही. पण साहेबाला वाटलं, वर्ध्याचा कोणी बडा व्यापारी माल पाहायला आला!

साहेबाचं नाव मोतीलाल. विक्री खात्याचा मुख्य. अंगात कोट, डाव्या हातावर घडी घालून ठेवलेला पांढराशुभ्र रुमाल, चेहऱ्यावर लोणी. दिवाकरला त्यानं खाली पिंपांच्या कामावर पिटाळलं आणि या तिघांना एका थंडगार खोलीत नेलं. मोठे हॉटेलवाले इथं येऊन मालाची चव पाहत आणि मग ऑर्डर देत. टेबलावर काचेचे पेले आणि मधोमध पितळेची चकचकीत पिकदाणी.

"वर्ध्यात आमचा माल एकपण दुकानात नाही, शेठजी!" मोतीलाल हळहळला. "कमाल आहे!"

"कमाल नाही, कायदा आहे," बंडोपंत पुटपुटले. पण मोतीलालला ऐकू गेलं नाही. विकणाऱ्याला कायदा उशिराच ऐकू येतो.

"हे चाखायचं, तोंडात फिरवायचं आणि इथं थुंकायचं." मोतीलालनं पिकदाणी दाखवली. "गिळायचं नाही. मोठे पारखी कधी गिळत नाहीत."

नत्थूजींनी चिटणीसांकडं पाहिलं. "काऊन जी बंडोपंत, थुकलं तर पेलं म्हनता येते का?"

बंडोपंतांनी चष्मा पुसला. वीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस, नियमात भोक शोधणं हीच त्याची नोकरी. "आपल्या ठरावात 'प्राशन' असा शब्द आहे. गुळणीला प्राशन म्हणता येणार नाही. ब्राह्मण रोज चुळा भरतो, म्हणून कोणी त्याला पाणी प्याला म्हणत नाही."

"मंग भरा!" अध्यक्ष म्हणाले.

पहिला पेला आला. फिकट, पिवळसर. नत्थूजींनी तो उजेडात धरला, वास घेतला, जिभेवर घोळवला आणि तोंड असं केलं की जणू कडू वाळूक दाताखाली आलं.

"ताकावरची निवळी हाये!" त्यांनी निकाल दिला. "केवढ्याची बाटली?"

मोतीलालनं भाव सांगितला. नत्थूजी भाव रुपयात धरत नसत, वस्तूत धरत. त्यांनी मनात हिशेब केला. पायलीभर ज्वारी. पायलीभर ज्वारी काय, पिचकारी मारून टाकली! पिकदाणी टणकन वाजली. महादेवरावांनीही थुंकलं. व्याह्यापेक्षा आपला नेम वाईट नाही हे दाखवायला जरा लांबूनच थुंकलं.

दुसरा पेला गुलाबी. नत्थूजींनी तोंडात घेतला, गाल फुगवले, इकडून तिकडं फिरवला. थुंकायला वाकले. वाकता वाकता नुसत्या भुवयांनी विचारलं, केवढ्याची?

मोतीलालनं भाव सांगितला.

नत्थूजी वाकलेले होते ते तसेच राहिले. लुगडं! आनंदाबाईचं नऊवारी लुगडं, काठापदराचं! गेल्या दिवाळीत तिनं मागितलं आणि आपण पुढच्या दिवाळीवर ढकललं ते! ते लुगडं आता आपल्या तोंडात आहे आणि हा माणूस म्हणतो पिकदाणीत थुंका!

नत्थूजींच्या घराण्यात ताटातलं शीत टाकलेलं कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांचे आजे तर जेवल्यावर ताट धुऊन ते पाणी पीत. नत्थूजींचा गाल थरथरला. तत्त्व एका गालात, लुगडं दुसऱ्या गालात!

गटक्!

"नत्थूजी!" बंडोपंत ओरडले.

"काय करू जी? लुगडं थुकू?"

"पण ठराव…"

"ठरावात लुगडं हाये काय?"

महादेवराव मागं कसे राहणार? व्याह्यानं महागाचं गिळलं आणि आपण थुंकलं तर केळझरची काय इज्जत राहील! त्यांनीही गिळलं. मग बंडोपंतांनी विचार केला की अध्यक्षांनी गिळल्यावर चिटणीसानं थुंकणं हे समितीत फूट पाडण्यासारखं आहे. त्यांनीही शिस्त पाळली.

तिथून जे सुरू झालं त्याला चव घेणं म्हणत नाहीत. मोतीलाल उत्साहानं महाग महाग बाटल्या काढू लागला आणि नत्थूजी भाव विचारून मगच तोंडाचा निर्णय घेऊ लागले. लाल आली. तुरट, हिरडा उगाळल्यासारखी. "खोकल्याचं औषध हाये!" नत्थूजी म्हणाले. पण भाव निघाला नांगराच्या फाळाचा. गेली पोटात! मग फेसाची आली. बुचाचा असा बार झाला की महादेवरावांनी टेबलाखाली मुंडी घातली. "हे तं नासलं! फसफसून राह्यलं!" नत्थूजी खवळले. "आमच्या घरी असं झालं तं गाईच्या गव्हाणीत ओततो." भाव ऐकला, सायकलच्या दोन टायरांचा. टायरंही गेली! नासलं असलं तरी महाग नासलं होतं!

मग मोतीलालनं तिघांचे पेले भरले आणि दोन्ही हातांनी, लेकराला उचलावं तशी, त्याच मालाची एक धुळकट, बुचबंद बाटली पुढं आणली. "ये हमारी रानी! सगळ्यात जुनी. म्हणून सगळ्यात महाग."

"थांबा, थांबा." नत्थूजींचे डोळे तांबडे झाले होते, पण त्यातली पारख जागी होती. "जुनी म्हनून महाग? आमच्याकडं जुना बैल अर्ध्या भावात जाते! जुनी छत्री कोनी फुकट घेत नाई! आन् तुमी…" बोलता बोलता त्यांनी बाटली उलटी केली, बुडाला बोट लावलं आणि किंचाळले, "अरे बाप्पा!"

"काय झालं?" सगळे दचकले.

"खड्डा! बुडात खड्डा! पाहा महादेवराव, बोट घालून पाहा!"

महादेवरावांनी बोट घातलं. खरंच! बाटलीचं बूड आत ढकललेलं होतं. वाटीएवढा खड्डा.

"आमच्या आंजीत एक दुकानदार व्हता. पायलीचं बूड आत ठोकून ठेवे. वरून पायली, आतून पाऊण! त्याची गाढवावरून वरात काढली आमी! आन् तुमी कोट घालून तेच करता?"

"शेठजी, वो तो बाटलीची पद्धतच तशी आहे! सगळ्या जगात…"

"मंग साऱ्या जगाची वरात काढा!"

भाव विचारला. मोतीलालनं कचरत सांगितला. नत्थूजी खुर्चीत मागं रेलले. बकरी! गाभण बकरी! एका बाटलीत, तीही बुडात खड्डा असलेल्या बाटलीत, दोन जीवांची बकरी! आणि पेला तर तोंडाला लागून रिकामाही झाला होता.

अशा वेळी दुसरा माणूस उठून गेला असता. पण नत्थूजींच्या अंगात बाजार संचारला. वस्तूत खोट सापडली म्हणजे भाव पाडायची घडी आली! आणि त्यांचं लक्ष गेलं मोतीलालच्या हातावर. डाव्या हातावर तो पांढराशुभ्र रुमाल! घडी घातलेला, तयार!

नत्थूजींना मोतीलालबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. कोट घालतो, पण आहे आपल्यातलाच. मघापासून बिचारा हातावर कापड टाकून उभा आहे आणि आपण मूर्खासारखे तोंडानं भाव विचारून राहिलो!

ते उठले, डुलत गेले आणि त्यांनी सरळ रुमालाखाली हात घालून मोतीलालची बोटं पकडली.

"अरे, ये क्या!" मोतीलाल विंचू चावल्यासारखा मागं उडाला. असं त्याच्या आयुष्यात कोणी केलं नव्हतं, निदान कारखान्यात तरी नाही! रुमाल मात्र नत्थूजींच्या हातावरच राहिला. आणि नत्थूजींनी, बाजाराच्या शिरस्त्याप्रमाणे, तोवर डोळे मिटून घेतले होते. मोतीलाल उडाला हे त्यांना कळलंच नाही. दलाल पहिल्यांदा हात सोडवतोच. परत येतो. ते हात पुढं करून, मान वर करून, मिटल्या डोळ्यांनी घारी पाहत उभे राहिले.

समोर होते महादेवराव. पोटात लुगडं, फाळ, दोन टायरं आणि बकरी गेल्यामुळे त्यांचं मन आधीच ओलं झालं होतं. त्यांनी पाहिलं, आपला व्याही, तीन महिने पाठ फिरवून बसलेला व्याही, हातावर कापड टाकून आपल्याकडं हात करून उभा आहे! वऱ्हाडाच्या आकड्याचा सौदा तोडायला बोलावून राहिला! तेही केळझरचे जुने बाजारकर. ते उठले आणि त्यांनी रुमालाखाली हात घातला.

आला परत! नत्थूजी मनात म्हणाले.

महादेवरावांनी पाचही बोटं धरली. पाचशे.

पन्नास मागते! नत्थूजी मनात हसले आणि त्यांनी दोन बोटं दाबली.

महादेवराव पाचवर. नत्थूजी दोनवर. बंडोपंत आ वासून पाहत होते. मोतीलाल भिंतीला चिकटून देवाचं नाव घेत होता.

"माल जुना हाये!" नत्थूजी डोळे मिटून गरजले.

महादेवराव चपापले. जुना? दिवाकरचं वय त्यांनी दोन वर्षं कमी सांगितलं होतं! हे याला कसं कळलं? त्यांनी एक बोट सोडलं. चार.

नत्थूजींची दोन बोटं पाचरीसारखी घट्ट. "वरून पाहाले मस्त! पन आंबट हाये, तुरट हाये!"

पोराचा स्वभाव! महादेवरावांच्या कपाळावर घाम आला. रागीट आहे खरा, आईवर गेला. आणखी एक बोट गेलं. तीन.

"आन् बुडातच खोट हाये! मी सोता बोट लावून पाह्यलं! बोलू का साऱ्यांपुढं? काढू का वरात?"

बुडात? म्हणजे मुळात? म्हणजे घराण्यात? महादेवरावांच्या डोळ्यांपुढून त्यांचा धाकटा भाऊ सरकला, जो एका तमाशाच्या फडामागं गेला होता आणि परत आला नव्हता. वीस वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट! वरात निघाली तर आजच संपलं सगळं!

"नोका काढू!" ते कळवळून ओरडले. "दोन! दोनच! मंजूर!"

"मंजूर!" नत्थूजी गरजले आणि त्यांनी डोळे उघडले.

समोर मोतीलाल नव्हता. समोर महादेवराव होते, डोळ्यांत पाणी घेऊन!

"दोनशे मानसं आनतो," महादेवराव हुंदका देऊन म्हणाले. "एकबी जास्त नाई. गुलाब आजपासून आमची लेक. पन व्याही… सोन्यासारखे व्याही… पोराच्या वयाचं आन् आमच्या धाकट्याचं तुम्हाले कोनं सांगतलं?"

नत्थूजींचं तोंड उघडं पडलं. त्यांनी हातावरच्या रुमालाकडं पाहिलं, भिंतीजवळच्या मोतीलालकडं पाहिलं. डोक्यात बैलगाडी हळूहळू वळावी तसं काहीतरी वळलं. तीन महिने रुतलेलं गाडं, बुडात खड्डा असलेल्या बाटलीनं निघालं! आणि वर दोन गुपितं फुकट!

दुसरा कोणी असता तर खरं बोलून बसला असता. नत्थूजींनी रुमाल झटकला, घडी घातली आणि शांतपणे म्हणाले, "मानसाची पारख, महादेवराव! दुसरं काय? पन मी मनात ठेवनारा मानूस नोहो. सोडा ते आता."

बंडोपंतांना ठसका लागला. त्यांनी ठसक्यावर उरलेला पेला प्राशन केला. शब्द तोच, ठरावातला!

दिवाकरला वर बोलावलं. नत्थूजींनी त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं, दात पाहिले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "चालन." पोरगा लाजला. मोतीलालनं ऑर्डरीसाठी कागद पुढं केला. आणि आता गंमत पाहा! ज्या नत्थूजींनी आयुष्यात मिठाचा भाव पाडल्याशिवाय मीठ घेतलं नाही, त्यांनी आनंदाच्या भरात ती रानी, ती बुडात खड्डा असलेली बकरी, छापील भावानं विकत घेतली! पूर्ण! एक पैसा कमी नाही!

"नत्थूजी, भाव?" बंडोपंतांनी आठवण केली.

"एका दिवसात किती सौदे करू जी? बोटं दुखून राह्यली!"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बडनेरा सुटलं आणि तिघांची उतरली. मग बाटली दिसली.

"धामणगाव गेलं की पुलगाव," बंडोपंत घसा साफ करून म्हणाले. "आणि पुलगाव आलं की आपला जिल्हा. बाटली पुढं जाऊ शकत नाही. अध्यक्ष आणि चिटणीस दोघं एका बाटलीसकट पकडले गेले, तर वृत्तांत कोण लिहिणार?"

"खिडकीतून फेकून द्या," महादेवराव म्हणाले.

"बकरी फेकू? गाभण?" नत्थूजी कडाडले.

"मग एकच मार्ग आहे," बंडोपंत खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "धामणगावात आपला ठराव लागू नाही."

विचार पटला. पण बूच निघेना! मोतीलालजवळ ते फिरवायचं मळसूत्र होतं, यांच्याजवळ दात. महादेवरावांनी दात लावले, एक हलला तेव्हा सोडले. बंडोपंतांनी पेनाच्या टोकानं टोकरलं, पेन मोडलं. इकडं धामणगाव आलं, धामणगाव गेलं, वर्धा नदीचा पूल दिसायला लागला.

"सरका!" नत्थूजी म्हणाले. "जे भाएर येत नाई ते आत जाते!" त्यांनी बाटली गुडघ्यात धरली, छत्रीचं टोक बुचावर टेकवलं आणि बैलाला पराणी टोचावी तसा अंगाचा भार दिला.

बूच आत गेलं. बकरी बाहेर आली! अशी उसळली की नत्थूजींचा पांढराफेक सदरा गळ्यापासून पोटापर्यंत लालभडक! गाडीनं हिसका दिला, बाटली गुडघ्यातच उलटली आणि उरलं ते मांडीवर. हाती राहिला तो बुडातला खड्डा!

गाडी पुलगावात शिरली तेव्हा अध्यक्ष नुकतंच कोणीतरी भोसकल्यासारखे दिसत होते.

*

आनंदाबाई अंगणातच उभ्या होत्या. मागं दाराआड गुलाब.

"जमलं का?" त्यांनी पहिला प्रश्न केला.

"जमलं!" नत्थूजी म्हणाले. "दोनशे मानसं!"

दाराआड बांगड्या वाजल्या आणि धावत आत गेल्या. आनंदाबाईंचा चेहरा उजळला. मग त्यांची नजर सदऱ्यावर उतरली.

"आन् हे काय जी?"

"गुलाल हाये, विहीनबाई!" व्याह्याची लाज राखायला पुढं झाले ते महादेवराव. "सोयरीक पक्की झाली, गुलाल उधळला!"

आनंदाबाई जवळ आल्या. सदऱ्याचा घोळ चिमटीत धरला. नाकाशी नेला. बंडोपंतांना एकदम कचेरीची आठवण झाली आणि ते निघाले. महादेवरावांना चपला सापडेनात.

"गुलालाले असा वास येते?" आनंदाबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांचा हा शांतपणा नत्थूजींना ठाऊक होता. वळवाच्या आधी असाच वारा पडतो. "खरं सांगा. काय व्हतं?"

"रस," नत्थूजी म्हणाले.

"केवढ्याचा?"

आता खोटं बोलून सोय नव्हती. "बकरीचा," ते खालमानेनं म्हणाले. "गाभण बकरीचा."

आनंदाबाईंनी कपाळावर हात मारला. गल्लीत ऐकू जाईल असा. आणि ओरडल्या, "गाभण बकरीच्या भावाची वस्तू! आन् सारीच्या सारी सदऱ्यावर सांडली? मानसात अक्कल पाह्यजे का नाई? घोटभर तरी पोटात जाऊ द्याची व्हती!"

त्यांनी सदरा तिथंच उतरवून घेतला. मोरीत नाही नेला, परातीत भिजवला. दोन्ही हातांनी चांगला पिळला. ते लाल पाणी तुळशीला घातलं, असं समितीच्या अध्यक्षांचं आजही म्हणणं आहे. चिटणीसांनी वृत्तांतात तसं लिहूनही ठेवलं.

पण संध्याकाळी गुलाब दिवा लावायला गेली, तेव्हा तुळशीची माती कोरडी ठणठणीत होती!